समोरचं दार उघडं असतं, तिकडे ठेवा

२०२३ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. समोरच्या फ्लॅटचं दार तीन महिन्यांचं होतं, आणि त्याच्या मालकाचं म्हणणं ऐकलं तर ते माझ्यापेक्षा हुशार होतं. बोट ठेवलं की उघडतं, आकडे दाबले की उघडतं, ऑफिसात बसून मोबाईलवरूनही उघडतं. मी विचारलं, "किल्लीने?" तर म्हणाला, "किल्ली पण आहे काका, पण ती कुठे ठेवलीय ते आठवत नाही."

दाराबद्दल मला कोणी शिकवू नये. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही रडतखडत. पण कसबा पेठेत चाळीस वर्षं माझं ग्रिल आणि सेफ्टी डोअर बनवायचं दुकान होतं. शनिवार पेठेतून आजही चालत गेलो तर कुठल्या जिन्यावर माझ्या हातचं दार आहे ते बिजागरीजवळच्या वेल्डिंगवरून सांगीन. लोक यायचे, म्हणायचे, "अहो, जरा भक्कम करा, चोऱ्या वाढल्यात." मी म्हणायचो, "दार भक्कमच देतो. पण तुम्ही तोंड बंद ठेवा. निम्म्या चोऱ्या दारातून होत नाहीत, बोलण्यातून होतात." गावाला जाताना अख्ख्या गल्लीला दहा दिवसांचा कार्यक्रम सांगून जाणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

मुलाने वाघोलीत फ्लॅट घेतला आणि आम्हा दोघांना तिकडे नेलं. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री येतात. दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको. बिल्डरने दिलेलं सेफ्टी डोअर मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. त्याच्या जाळीतून लहान मूलसुद्धा हात घालून कडी काढू शकलं असतं. माझं स्वतःचं केलं, उभ्या चौकोनी सळ्यांचं, आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा, बाहेरून हात घातला तरी न पोचणारा. आणि आमची पद्धत चालू ठेवली. सकाळी आंघोळी झाल्या की लाकडी दार उघडं, जाळीचं बंद, ते दिवेलागणीपर्यंत. आमच्या गल्लीत दिवसा दार लावलेलं दिसलं की शेजारी विचारायला यायचे, कोण आजारी आहे का म्हणून. इथे चौथ्या मजल्यावर चार घरं, त्यांतली तीन कायम बंद. पॅसेजमध्ये उभं राहिलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

बंद म्हणजे काय बंद, तेही सांगतो. समोरचा तो जाडजूड दरवाजा. आतलं माणूस बेल वाजल्यावर आधी मोबाईलमध्ये बघणार, मग विचारणार, मग दोन बोटं फट करणार. आणि हाच माणूस लिफ्टमध्ये फोनवर ओरडून सांगणार, "हां, ओटीपी लिहून घ्या, चार, सात, सात, एक!" लिफ्टमध्ये आम्ही पाच माणसं. पार्सल फोडलं की खोका जसाच्या तसा कचऱ्याच्या डब्याशेजारी. त्यावर नाव, फ्लॅटचा नंबर, फोनचा नंबर, आत काय होतं तेसुद्धा. मी येताजाता ते कागद फाडून काढायचो. एकदा समोरच्या बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "अंकल, तुम्हाला बॉक्स हवाय का?" मी म्हणालो, "नको. तुमचा फोन नंबर सांडला होता, उचलतोय." त्यांना कळलं नाही. हसल्या.

आता पार्सलं आमच्या घरी कशी यायला लागली ते सांगायला हवं, कारण त्यात पहिली चूक माझीच आहे. दिवाळीच्या आधी एक डिलिव्हरीवाला समोरची बेल वाजवून वाजवून थकला होता. घामाघूम. मी जाळीतून म्हणालो, "आण इकडे. संध्याकाळी देतो त्यांना." कसबा पेठेत कोणाचंही टपाल, कोणाचीही गावाकडून आलेली पिशवी माझ्या दुकानात उतरायची. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. संध्याकाळी मी स्वतः जाऊन समोर नेऊन दिलं. दाराची दोन बोटं फट झाली, एक हात बाहेर आला, "थँक यू अंकल," आणि फट मिटली. या बसा नाही, पाणी नाही. माझ्याच हाताला दार लागलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी दोन पार्सलं आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांचंही. महिन्याभरात मजल्यावरची तिन्ही घरं, वर पाचव्या मजल्यावरचं एक. मी उत्साहाने लोखंडी अँगल कापून एक रॅक केला, दाराच्या आत भिंतीला ठोकला. तीन कप्पे. सगळ्यात खालचा माझ्या कमरेइतका उंच ठेवला, फरशी पुसताना पार्सलला पाणी लागू नये म्हणून. नियमही केले. दुसऱ्याचं सामान जमिनीवर ठेवायचं नाही, पाय लागतो. हलवून बघायचं नाही. नाव लिहिलेली बाजू भिंतीकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कोणाकडे काय आलं ते दिसायला नको. आणि परत कोणालाही पाठवायचं नाही. बायकोला मी सांगून ठेवलं, "आपल्या दारातून कोणाचं सामान नाही म्हणून परत गेलं, असं व्हायला नको." ती "बरं" म्हणाली.

मी सकाळी दहा ते एक खाली गेटजवळच्या बाकावर असतो. जेवल्यावर आतल्या खोलीत चारपर्यंत पडतो. आठवड्यातून दोनदा बसने कसबा पेठेत जाऊन येतो. मग पार्सलं कोण घेत होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बायको दुपारभर जाळीच्या आत जमिनीवर बसते. प्रकाश तिथे चांगला येतो, आणि तिचं शिलाई मशीनही तिथेच हाताशी आहे. भाजी निवडणं, लसूण सोलणं, वाती वळणं, सगळं तिथे. खुर्चीवर बसून तिला भाजी निवडता येत नाही, तिचं म्हणणं मांडी घातल्याशिवाय हात चालत नाहीत. गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. पण या वयात कोणाचे दुखत नाहीत?

मार्चमध्ये समोरच्यांनी बेलच्या जागी कॅमेरा बसवला. काळं डोळ्यासारखं बटण, कोणी जवळून गेलं की भोवती निळी कडी पेटते. बायको म्हणाली, "अहो, मी नुसती कोथिंबीर झटकली तरी ते पेटतं." मी त्याच दिवशी समोर गेलो.

समोरचा म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. तो फक्त आमच्या दारासमोरचं घेतो."

मी म्हणालो, "तुमच्या दारासमोर माझं दार आहे."

"हो, पण तुमचं दार उघडं असतं ना."

"माझं आहे म्हणून उघडं असतं."

"मग बंद ठेवा ना काका. प्रायव्हसीचा इश्यू आमच्याकडून नाहीये."

मी त्याला सांगितलं, "दुसऱ्याच्या घरात डोळा लावायचा आणि वर त्यालाच म्हणायचं डोळे मिट. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?" तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही ग्रेट आहात." या लोकांशी भांडताही येत नाही. शिवी दिली तरी ग्रेट म्हणतील.

त्या दिवसापासून बायको दाराकडे पाठ करून, डोक्यावर पदर घेऊन बसायला लागली. स्वतःच्या घरात! मग अंधारात भाजी दिसेना म्हणून परत वळून बसली. एकदोनदा म्हणाली, "लावून घेऊ या का दार? काय बिघडतं?" मी म्हणालो, "बिघडतं. त्याने कॅमेरा लावायचा आणि आपण दार लावायचं? मग घर त्याचं की आपलं?" ती परत भाजीकडे वळली. मला वाटलं पटलं.

मग ऑगस्टमधला तो दिवस. मी खालून वर आलो तर आमच्या जाळीसमोर एक डिलिव्हरीवाला उभा. चाळिशीतला, कानाशी केस पिकलेले, विदर्भाकडचा. बायको न्हाणीघरात होती. तो बेल न वाजवता जाळीतून हात घालून एक चपटा खोका आत सरकवत होता.

मी ओरडलो, "ए! काय चाललंय?"

"काकाजी, समोरच्यांचं आहे जी. तुमच्याइथे आत ठेवाचं आहे."

"कोणी सांगितलं आत हात घालायला?"

"मोबाईलवर लिहून येते ना. मी मनानं नाही करत." त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. इंग्रजी होतं. मी म्हणालो, "मला दाखवू नको, वाच." त्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं, ते असं: समोरचं दार दिवसभर उघडं असतं. तिथे म्हातारं जोडपं एकटंच असतं, कुठे जात नाहीत. बेल वाजवू नका, जाळीतून आत ठेवा.

मी परत वाचायला लावलं. तेच निघालं.

"हे तुला एकट्यालाच आलंय?"

"नाही ना जी. जो कोणी यांचं पार्सल आणते त्याले येते. महिने झाले असतील. माह्या आधीचा पोरगा होता, त्यालेही येत होतं, तो तर काम सोडून गेला." मग माझं तोंड बघून तो हळूच म्हणाला, "काकाजी, माह्या आईबद्दल कोणी असं लिहिलं असतं तर मी भांडलो असतो."

बघा म्हणजे. स्वतःच्या दाराला बोट, आकडे, मोबाईल, कॅमेरा. आणि आमचं दार, आमचं वय, आमची वेळ, घरात कोण असतं आणि कोण नसतं, हे सगळं शहरात वाटून टाकलेलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. चाळीस वर्षं मी लोकांना दारं करून दिली आणि त्यांच्या कुलपाचा नंबर कधी दुसऱ्याला सांगितला नाही. एवढं शिकायला कॉलेज लागत नाही.

संध्याकाळी सात वाजता समोरचे दोघं आले. मी सदरा बदलला, टोपी घातली आणि निघालो. बायको म्हणाली, "अहो, सावकाश बोला. शेजार आहे." मी म्हणालो, "शेजार असता तर बोलायची वेळ आली नसती."

बेल वाजवली. निळी कडी पेटली. या वेळी दार पूर्ण उघडलं. समोरचा म्हणाला, "अरे काका! बरं झालं आलात, आम्ही तुमच्याकडेच येणार होतो. या, आत या." दहा महिन्यांत पहिल्यांदा आत या. मी दारातच उभा राहिलो.

"माझं बोलणं आधी," मी म्हणालो.

"एकच मिनिट काका. आमचं मंगळवारचं एक पार्सल मिळालंच नाहीये. छोटंसं होतं. कंपनी म्हणते डिलिव्हर झालं. काकू जरा विसरतात का? म्हणजे आरोप नाही हं. आपण व्हिडिओ बघू या, म्हणजे क्लिअर होईल."

माझ्या बायकोवर विसरण्याचा आळ, आणि तो चोरीच्या आळाला लागूनच असतो. मी म्हणालो, "दाखवा. काय दाखवायचं ते दाखवा. आणि तिची चूक नाही निघाली, तर इथेच माफी मागायची."

त्याने मोबाईल पुढे धरला आणि अंगठ्याने मंगळवार सरकवायला लागला. छोटे छोटे तुकडे. आमची जाळी त्यात एवढी स्वच्छ दिसत होती की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं असतं. बायको खाली बसलेली, समोर ताटात गवार. एक माणूस येतो. ती डाव्या हाताने जाळीची सळी धरते, उजवा फरशीवर टेकते. उठत नाही. परत जोर लावते. उठत नाही. माणूस वाट बघतो. तिसऱ्यांदा उठते, आडणा काढते, खोका घेते.

"हे नाही, हे मोठं आहे," समोरचा म्हणाला आणि पुढे सरकवलं.

परत ती बसलेली. परत माणूस. परत ती सळी, तोच हात. "हे पण नाही." पुढे. परत. तो फक्त खोक्यांकडे बघत होता. मी मोजत होतो. दुपारी दोनपर्यंत ती नऊ वेळा उठली होती. एका तुकड्यात माणूस गेल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहते, डोळे मिटून, गुडघा दाबत, बराच वेळ. मग आतल्या खोलीकडे बघते, जिथे मी झोपलेला असतो, आणि आवाज न करता परत खाली बसते.

आणि एका तुकड्यात मी होतो. एक वाजता बाकावरून वर आलेला. ती अर्धवट उठलेली होती, सळी धरून, तोंड वाकडं करून. लिफ्टचा आवाज आला तशी ती एकदम सरळ उभी राहिली, पदराला हात पुसले, हसली. मी आत शिरलो, रॅककडे बघितलं. आवाजही येत होता त्या यंत्रातून. मी म्हणत होतो, "परत मशीनखाली ठेवलंस का पार्सल? रॅक काय शोभेला केलाय? जेवायला वाढ."

"हां, हे बघा, हेच!" समोरचा म्हणाला. "पांढरं पाकीट. काकूंनी घेतलं. दिसलं ना?"

मला दिसलं होतं. त्याला जे दिसलं ते नाही.

मी मागे वळलो, आमच्या घरात गेलो, शिलाई मशीनच्या खाली हात घातला. पांढरं पाकीट मागच्या भिंतीपर्यंत सरकलं होतं. आणून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "अरे वा, मिळालं! होतं असं काका, वय झालं की."

तेव्हा मला माझं बोलणं आठवलं. मी म्हणालो, "मोबाईलवर डिलिव्हरीवाल्यांना आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मोठ्याने. मराठीत."

त्याने स्वतःच्या बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अंकल, ते डिलिव्हरीवाल्यांच्या सोयीसाठी..."

"वाचा."

त्याने वाचलं. "म्हातारं" या शब्दापाशी अडखळला, आणि "एकटंच" म्हणताना त्याचा आवाज खाली गेला. स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर कळतं बऱ्याच लोकांना. लिहिताना कळत नाही.

"आता पुसा. माझ्यासमोर. आणि तुमच्या आईवडिलांचा पत्ता तिथे लिहून बघा, कसं वाटतं ते."

त्याने पुसलं. कॅमेराही वाकडा करतो म्हणाला, सॉरी म्हणाला, तीन वेळा. बाई चहा घेता का म्हणाल्या. मी जिंकलो होतो. एरवी मी अर्धा तास तरी सुनावलं असतं. पण माझे पाय तिथे थांबेनात.

घरी आलो. बायको कणीक मळत होती. "झालं का भांडण?"

"झालं. पुसलं त्यांनी."

"मग तोंड का असं?"

मी म्हणालो, "रॅक उंच झालाय हे मला का नाही सांगितलंस?"

ती मळत राहिली. "सांगायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असता, रॅक बरोबर आहे, तूच बुटकी आहेस."

मी तसंच म्हणालो असतो.

"आणि गुडघ्याचं?"

"गुडघ्याचं काय सांगायचं? तुम्ही सांगितलंत, कोणाला नाही म्हणायचं नाही. मी नाही म्हटलं नाही." मग पीठ लागलेल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "दार लावू या म्हटलं होतं. ते तरी ऐकायचं होतं. पाच महिने मी पाय पसरून बसले नाहीये त्या डोळ्यापुढे."

मी म्हणालो, "मी त्याच्यासाठी दार लावणार नव्हतो."

"माझ्यासाठी म्हणत होते मी," ती म्हणाली, आणि पोळपाट ओढला.

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला विचारायचो, दार कोणी उघडायचं असतं घरात, डावखुरं आहे का, उंची किती, मग मूठ लावायचो. घरचं गिऱ्हाईक विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून बाहेर पडल्यावर मी लाकडी दार लावलं. आतून कडी घातली. दिवसा. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिला दिवाणावर बसवून पाठीला लोड दिला, पायांखाली उशी, आणि मेथीची जुडी तिच्या मांडीवर ठेवली. "इथे निवड." ती म्हणाली, "इथे हात चालत नाहीत माझे." "चालव," मी म्हणालो. मग रोज ती जिथे बसते तिथे, जमिनीवर, मी मांडी घातली. बाकावर गेलो नाही.

दहाला पहिली बेल वाजली. मी उठलो. पहिल्या झटक्यात उठता आलं नाही, पण कोणी बघत नव्हतं, म्हणजे एकटी ती बघत होती. दार उघडलं. डिलिव्हरीवाला म्हणाला, "समोरचं आहे, काका. तुमच्याकडे ठेवू?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे घेत नाहीत. त्यांना फोन करा. पाणी हवंय का?"

तो पाणी प्याला आणि गेला. मी दार लावलं, परत येऊन खाली बसलो. सव्वादहाला दुसरी बेल. मग पावणेअकराला पाचव्या मजल्यावरच्यांचं. प्रत्येकाला नाही म्हणालो, प्रत्येकाला पाणी विचारलं. चौथ्या वेळी मी रॅकच्या अँगलला हात घातला आणि तिथेच थोडा वेळ वाकलेला राहिलो.

दिवाणावरून आवाज आला, "काय हो, खुर्ची देऊ का?"

"गप्प मेथी निवड," मी म्हणालो, आणि उठून कडी काढली.